न मोजलेलं बाळंतपण

बाळंतपणं किती झाली हा प्रश्न बाईला एकटीला विचारायचा, हा आमच्या विभागातला नियम मी स्वतः घातलेला आहे. सासू नको, नवरा नको, आणि बाईची आई तर नकोच नको. दार लावायचं, पेलाभर पाणी द्यायचं, इकडचं तिकडचं बोलायचं आणि मग विचारायचं. चौदा वर्षं मी हा नियम पाळला. नव्या मुलींपैकी कुणी मोडला तर तिची मी अशी हजेरी घ्यायचे की ती आठवडाभर माझ्याशी बोलत नसे. आणि एका मंगळवारी मीच तो मोडला. प्रिंटर अडकला होता, बाहेर अकरा माणसं खोळंबली होती, आणि समोरची अक्षता जमदाडे इतकं हळू बोलत होती की शेजारी बसलेल्या तिच्या सासूनं उत्तर दिलं तेव्हा मला बरंच वाटलं.

"एकच की. ही ईश्वरी. दुसरं कोन?" सासू म्हणाली.

मी अक्षताकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली. तो होकार समजून मी पडद्यावरच्या चौकोनात एकचा आकडा टाकला आणि पुढच्या माणसाला हाक मारली. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ते हे असं.

मी नीलम हेरवाडे. मिरजेच्या एका रुग्णालयात पेशी-विभागात काम करते. माझं काम सुईचं नाही, प्रश्नांचं. रुग्णाच्या घराची वंशावळ काढायची: कोण कुणाचं, कोण कशानं गेलं, कुणाला काय झालं होतं. माणसं रक्त पटकन देतात, माहिती देताना मात्र हात आखडतात.

ईश्वरी जमदाडे सहा वर्षांची. डोक्यावर एक केस नाही, आणि भेटेल त्याचा रक्तगट विचारून वहीत लिहून ठेवायचा नाद. माझा बी पॉझिटिव्ह ऐकून "साधाच आहे" असा शेरा तिनं मारला होता. तिचा बाप धैर्यशील द्राक्षबागांवर ड्रोननं औषध फवारतो. तासगावच्या अलीकडं बेंदवाडीत त्यांचं घर. धैर्यशीलनं मामाची मुलगी केलेली, त्यामुळे अक्षताची सासू ही तिची सख्खी आत्या. साऱ्या वॉर्डातही बाईंना आत्या म्हणूनच ओळखत.

चौथ्या वर्षी ईश्वरीला रक्ताचा कर्करोग झाला. औषधांनी दबला आणि उलटला. मग बापाच्या मूळपेशी तिला दिल्या. त्या निम्म्याच जुळत होत्या, पण हाताशी त्याच होत्या. त्या टिकल्या नाहीत, आणि सात महिन्यांत आजार परत आला. जगभरच्या दात्यांच्या यादीत पूर्ण जुळणारं कुणी सापडलं नाही. आता नव्या औषधांनी आजार पुन्हा दबला होता, पण ही उसंत फार तर आठ आठवड्यांची, असं डॉक्टर मुजावर म्हणाल्या होत्या. तेवढ्यात चांगल्या पेशी मिळाल्या तर पोर वाचणार, नाहीतर नाही.

हा आजार एकाएकी येत नाही, त्याला दोन चुका लागतात. पेशी दुभंगताना आपल्या जनुकांची नक्कल उतरवते. अशा कोट्यवधी नकला उतरवताना एखाद्या ओळीत चूक होणारच. लहान मुलांच्या या कर्करोगात पहिली चूक बऱ्याचदा आईच्या पोटातच होते: दोन जनुकं भलत्या जागी तुटतात आणि एकमेकांना चिकटतात. नुसत्या तेवढ्यानं काही बिघडत नाही. ही चूक घेऊन जन्मलेली शंभरातली नव्याण्णव मुलं ठणठणीत राहतात. एखाद्याच्या वाट्याला पुढं दुसरी चूक येते, आणि मग वाढताना थांबायचं कुठं, हेच ती पेशी विसरून जाते.

याच गोष्टीची एक चांगली बाजू आम्ही गेल्या काही वर्षांत वापरायला लागलो आहोत. मूल पोटात असताना त्याच्या काही पेशी नाळेतून आईच्या रक्तात उतरतात आणि तिच्या हाडांतल्या मगजात मुक्काम ठोकतात. मूल मोठं होतं, घर सोडून जातं, पण त्या पेशी तिथंच राहतात, वीस वर्षं, तीस वर्षं. त्यांतल्या काही पहिल्या चुकीच्याही आधी उतरलेल्या असतात. त्या कोऱ्या पेशी हुडकायच्या, काचेच्या भांड्यात वाढवायच्या आणि मुलाला परत द्यायच्या. लाखो पेशींतून अशी एखादी निवडणाऱ्या यंत्राचं सरकारी नाव दीड ओळीचं आहे, आम्ही त्याला चाळण म्हणतो. या बाईला मुलं किती, ते चाळणीला आधी सांगावं लागतं. तेवढ्या मुलांच्या पेशी ती ठेवते. त्यापलीकडं परकं काही दिसलं तर त्याच्या मोजक्या जनुकांची नोंद करते आणि ते कचऱ्यात टाकते. मी तिला सांगितलं होतं, मूल एक.

अक्षता पाच तास यंत्राला जोडून पडून राहिली. चाळणीनं ईश्वरीच्या नऊ पेशी काढून दिल्या. नऊच्या नऊ पेशींत ती पहिली चूक होती. म्हणजे चूक फार लवकर, पेशींचा पसारा मांडला जात होता तेव्हाच झाली होती. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? त्या नऊ पेशी आम्ही टाकून दिल्या, आणि घरच्यांना काय सांगायचं याचा मी विचार करत बसले.

आठव्या दिवशी डॉक्टर नाझनीन मुजावर माझ्या खोलीत आल्या आणि खुर्ची ओढून बसल्या. बाई एरवी उभ्याउभ्याच बोलतात, त्यामुळे मी जरा चरकले.

"नीलमताई, मी चाळणीची कचऱ्याची नोंद काढून बघत होते. तिनं चौदा पेशी परक्या म्हणून टाकल्यात."

"कुणीतरी हात नीट धुतले नसतील," मी म्हणाले.

"मलाही आधी तसंच वाटलं. पण त्या पेशी मुलाच्या आहेत, मुलीच्या नाहीत. त्यांतला निम्मा वारसा अक्षताचा आहे आणि निम्मा धैर्यशीलचा. ईश्वरीला सख्खा भाऊ आहे, ताई. किंवा होता. आणि तो तिच्याशी पूर्ण जुळतो."

"पेशी कुठं आहेत त्या?"

"कचऱ्यातला माल आपण जाळतो ना. आठ दिवस झाले."

कुणीतरी थोबाडीत मारावी तसं मला झालं. सख्ख्या भावाच्या पेशी ईश्वरीच्या स्वतःच्या पेशींहूनही चांगल्या होत्या. स्वतःच्या पेशी घरातल्या चोराला ओळखत नाहीत, भावाच्या पेशी दडून बसलेल्या रोगालाही हुडकून काढतात. आणि त्या पोरीचे आठ दिवस मी एका आकड्यानं घालवले होते. मी मुजावरबाईंना खरं सांगितलं: मी सासूसमोर विचारलं, सासूनं उत्तर दिलं, मी लिहिलं. त्यांनी उठून खुर्ची फक्त जागेवर सरकवली. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्याच दुपारी मी अक्षताला एकटीला बोलावलं. दार लावलं, पाणी दिलं आणि इकडचं तिकडचं काही न बोलता सरळ विचारलं.

"ईश्वरीच्या आधी मुलगा झाला होता तुला?"

तिनं दाराकडं पाहिलं. "कुणी सांगितलं?"

"तुझ्या रक्तानं. त्याच्या पेशी आहेत अजून तुझ्यात."

मला वाटलं ती रडेल. ती रडली नाही. तिनं पेला खाली ठेवला आणि दोन्ही तळहात आपल्या मांड्यांवर उताणे ठेवून त्यांच्याकडं बघत राहिली, जणू पेशी तिथं दिसणार होत्या.

"आठ वर्षं झाली," ती म्हणाली. "बाळंत झाले त्याच दिवशी घरी आणलं आणि रात्री मला ताप चढला. एकशेचार. मला नीट आठवत पण नाही. एकदा कुशीत दिला होता, तेवढंच. शुद्धीवर आले तेव्हा नव्हता, चारच दिवसांचा. हे नाशकाकडं फवारणीला गेलेले, पाचव्या दिवशी आले. तोवर सगळं उरकलेलं. बारसं पण झालं नव्हतं."

"कशानं गेला?"

"जन्मताच कमजोर होता म्हणाल्या आत्या. माझ्या दुधात कस नव्हता."

"मग त्या मंगळवारी मला का नाही सांगितलंस?"

आता तिनं वर पाहिलं. "ईश्वरीच्या वेळी ओटी भरायच्या दिवशी आत्यांनी मला देवापुढं बसवून वदवून घेतलं, ही माझी पहिली. आमच्याकडं गेलेल्या लेकराला मोजत नाहीत, मॅडम. मोजलं की तो जित्याचा हात धरतो. तुम्हाला हसू येईल."

मला हसू आलं नाही. माझ्या स्कूटरला लिंबू-मिरची लटकते. नवऱ्यानं बांधली असं मी सगळ्यांना सांगते, पण सोडून टाकलेली नाही. तरी मी तिला समजावायला लागले: पेशी म्हणजे पेशी, मोजण्यानं काही होत नसतं. तिनं मला पुरतं बोलू दिलं नाही.

"तुमचं खरं असंल. पण मी दोन म्हटलं आणि उद्या पोरीला काही झालं, तर मी कुणाच्या तोंडाकडं बघू?"

मी म्हणाले, "तू म्हणूच नकोस. दोनचा आकडा मी लिहिते, माझ्या हातानं, माझ्या जबाबदारीवर. तो हात धरायला आला तर माझा धरेल. तू फक्त परत एकदा पाच तास पडून राहायचंस."

मग तिनं बाही वर केली. "आत्ताच घेता का? घरी जाऊन आले तर धीर राहायचा नाही."

या वेळी चाळणीनं भावाच्या सोळा पेशी दिल्या. सोळाच्या सोळा त्या पहिल्या चुकीपासून कोऱ्या. मुजावरबाईंनी मला मिठीच मारायची ती बाकी ठेवली. पण वाढवायला टाकण्याआधी पेशीची जनुकं सगळीच्या सगळी वाचतात, आणि तिथं माशी शिंकली.

पांढऱ्या पेशी तयार करणाऱ्या एका जनुकात एक बदल निघाला. तसा प्रत्येकाच्या जनुकांत काही ना काही वेगळं असतंच. पण हा बदल कुठल्याच नोंदीत नव्हता, आणि मुलाच्या दोन्ही प्रतींत होता, आईकडून आलेल्या आणि बापाकडून आलेल्या. मामाची मुलगी केली की असं होतं. आत्या आणि तिचा भाऊ, म्हणजे अक्षताचा बाप, या दोघांना तो बदल आपल्या आई-बापांपैकी कुणाकडून तरी मिळाला असणार, तिथून तो धैर्यशीलकडं आणि अक्षताकडं आला, आणि पोराच्या पदरात दोन्हीकडून पडला. ईश्वरीकडं एकच प्रत होती, त्यामुळे तिचं काही अडलं नव्हतं. तो बदल निरुपद्रवी असेल तर सगळं ठीक. घातक असेल तर त्या पेशी अंगात कधीच नीट पांढऱ्या पेशी बनवणार नाहीत, आणि पोर साध्या सर्दीनं जाईल.

जनुकातली अक्षरं आता आम्हाला सगळी वाचता येतात. एखाद्या शब्दाचा अर्थ माहीत नसला तर तो ज्याच्या अंगात होता त्याचं काय झालं, तेवढाच एक मार्ग उरतो. या बदलाच्या दोन्ही प्रती असलेला माणूस जगात आम्हाला माहीत असलेला एकच होता आणि तो चार दिवस जगला होता. ते चार दिवस कसे गेले, ते कळल्याशिवाय रुग्णालयाची वैद्यकीय समिती परवानगी देणार नव्हती. पेशी वाढायला तीन आठवडे लागतात. शुक्रवारपर्यंत त्या भांड्यात पडायला हव्या होत्या, आणि तो दिवस बुधवार होता.

मुजावरबाईंनी घरच्या तिघांना बोलावलं. मी कोपऱ्यात वही घेऊन बसले. अक्षतानं नवऱ्याला आदल्या दिवशीच सगळं सांगितलं होतं, आणि त्यानं ते निमूट ऐकून घेतलं होतं. आत्याला ते तिथंच कळलं. ती सुनेकडं बघायला लागली, पण सुनेनं तिच्याकडं पाहिलं नाही.

"मोजलासाच शेवटी," आत्या म्हणाली.

"आई, आता ते राहू दे," धैर्यशील म्हणाला. "मॅडम, काय असंल ते सरळ सांगा. आमच्या पोराच्या पेशी चालतील का नाही?"

"ते तुम्ही मला सांगायचंय," मुजावरबाई म्हणाल्या. "तो कशानं गेला? बेंबी पिकली होती? ताप होता? जन्मल्यापासून मलूल होता की आधी चांगला होता आणि एकदम काही झालं?"

अक्षतानं नुसती मान हलवली. धैर्यशील म्हणाला, "मी नव्हतो." मग दोघंही आत्याकडं बघायला लागले.

"दुबळा हुता," आत्या म्हणाली. "जल्मल्यापास्नं."

"म्हणजे कसा? दूध ओढत नव्हता?"

"दुबळा म्हंजे दुबळा. घरात गेला. आता काय इचारतासा ह्ये?"

मुजावरबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मग मला नाही म्हणावं लागेल. जन्मतः दुबळं बाळ चौथ्या दिवशी घरात गेलं, याचा अर्थ तो बदल घातक आहे असंच समिती धरेल. मी असते तर मीही तेच धरलं असतं. त्या पेशी मी ईश्वरीला देऊ शकत नाही."

धैर्यशीलनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. आत्या उठली, पदर सारखा केला आणि खोलीबाहेर गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुलूप काढायला आले तर आत्या माझ्या दारात उकिडवी बसलेली. पहिल्या एस.टी.नं आली होती. आत आली, पाणी नको म्हणाली, खुर्चीवर बसायलाही तयार नव्हती.

"बाई, तुमी काल म्हनलासा, पोरगं चांगलं असलं तर त्येच्या पेशी चालत्यात."

"डॉक्टर म्हणाल्या. हो."

"चांगलं हुतं," आत्या म्हणाली. "लई चांगलं हुतं." आणि तिनं मला सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर तिनं माझा हात धरला. "तुमी ह्ये लिवून घ्या. पर त्या दोगास्नी सांगू नगा. माझं एवढं ऐका."

खोटं कशाला बोलू, माझ्या मनात आलं की न सांगता काम होतंय का ते बघावं. साठी ओलांडलेली बाई, एकुलता एक मुलगा, एकुलती एक सून, तीही भावाचीच लेक. झाकली मूठ झाकलेली राहिली तर कुणाचं काय जाणार होतं? पण समितीला नुसता आत्याचा शब्द पुरणार नव्हता. बाळाला तासगावच्या ज्या दवाखान्यात नेलं होतं तिथली नोंद मागवावी लागणार होती, आणि मेलेल्या मुलाची नोंद आई-बापांच्या सहीशिवाय मिळत नाही. नोंदीत कारण लिहिलेलं असणारच. मी तिला हे सगळं सांगितलं.

आत्यानं हात सोडला. बाहेर झाडू मारणाऱ्या बाईचा आवाज येत होता, तो ऐकत असल्यासारखी ती उभी राहिली. मी तिला घाई केली नाही. एरवी मी सगळ्यांना घाई करते.

"त्यास्नी बलवा," शेवटी ती म्हणाली.

ती त्या दोघांसमोर उभी राहिली. मी खुर्ची पुढं केली, तिनं ती पायानंच मागं सारली.

"त्यो दुबळा नव्हता," आत्या म्हणाली. "साडेतीन किलोचा हुता. रडला की गोठ्यातली म्हस मान वर करायची. पयल्याच राती अक्षूला ताप चढला, तिसऱ्या दिशी दूध उतरंना. पोर भुकेनं वरडत हुतं. नर्सबाईनं बजावून सांगितलेलं, दुधाबिगर थेंब घालू नगा, कायबी झालं तर फोन करा. म्या म्हनलं, ही कालची पोर मला शिकवतीया. आमच्या घरातली पोरं कशावर वाढली? घुटी उगाळली, बोंडल्यात घातली आनि त्यो रडत असतानाच वतली तोंडात. ठसका लागला. निळा पडला. शेजारच्या गाडीतनं तासगावला मुलांच्या दवाखान्यात नेला. दाक्तर म्हनलं, छातीत उतारलंय. रातभर नळ्या लावल्या. दुसऱ्या दिशी गेला."

धैर्यशील खिडकीपाशी गेला आणि आमच्याकडं पाठ करून उभा राहिला.

"घरात गेला म्हनून सांगितलं. दवाखान्याचा कागद चुलीत घातला. मोजलं की हात धरतो म्हनायची मी. मला त्येचं भ्या न्हवतं. कुनी मोजला तर कसा गेला ते बी इचारनार, त्येचं भ्या हुतं."

अक्षता हलली नव्हती. तिचा आवाज निघाला तेव्हा तो मला ओळखू आला नाही. "माझ्या दुधात कस नव्हता म्हणालात."

आत्यानं खुर्चीची पाठ धरली.

"ईश्वरीला मी एक दिवस अंगावर पाजलं नाही, आत्या. दूध पिळून मोरीत ओतत होते. माझं दूध पिऊन ही पण जाईल म्हणून डब्यातलं पाजलं तिला. तुम्ही बघत होता."

"बगत हुते," आत्या म्हणाली.

मी चौदा वर्षांत त्या खोलीत पुष्कळ रडारड पाहिली आहे. त्या दिवशी कुणी रडलं नाही आणि मला तेच सोसवेना. मीच डोळे पुसले आणि सहीचा कागद पुढं केला. अक्षतानं तो वाचला. दात्याचं रुग्णाशी नातं, या ओळीपाशी ती थांबली, तिनं माझं पेन घेतलं आणि लिहिलं: थोरला भाऊ. मग सही केली आणि कागद खिडकीपाशी नेऊन नवऱ्याच्या हातात दिला. त्यानं भिंतीवर धरून सही केली.

दवाखान्याची नोंद संध्याकाळच्या आत आली. आत्या म्हणाली तसंच होतं: श्वासनलिकेत अन्नाचे कण. आणि खाली आम्हाला हवी होती ती ओळ होती. दाखल करताना रक्त तपासलं होतं आणि पांढऱ्या पेशी अगदी जिथल्या तिथं होत्या, उलट संकट आल्यावर निरोगी बाळाच्या वाढतात तशा वाढलेल्या. तो बदल निरुपद्रवी होता. मुजावरबाईंनी ती ओळ मला दोनदा वाचून दाखवली. शुक्रवारी सकाळी सोळा पेशी भांड्यात पडल्या, आणि त्या बदलापुढं आता जगाच्या नोंदीत एका शब्दाचा अर्थ लिहिला गेला. पुढं कुठल्या तरी मुलाचं त्यावाचून अडणार नाही.

तीन आठवड्यांनी पिशवी टांगली तेव्हा ती हाताच्या पंजाएवढी होती. ईश्वरीनं पिशवीचा रक्तगट विचारला. ओ पॉझिटिव्ह ऐकून "हा पण साधाच" म्हणाली आणि झोपून गेली.

त्यानंतरचे दिवस वाट बघण्याचे. जुना मगज औषधांनी पुसून टाकलेला, नवा अजून रुजलेला नाही, अशा वेळी पोर काचेच्या खोलीत असतं आणि घरचे बाहेर. अक्षता काचेला लागून बसायची. धैर्यशील बागेवरून आला की तिच्याशेजारी. आत्या रोज पहिल्या गाडीनं यायची, भाकरीचा डबा दोघांच्या मधे ठेवायची आणि बोळाच्या टोकाच्या बाकावर जाऊन बसायची. डबा धैर्यशील उघडायचा. अक्षता आत्याशी त्या दिवसापासून एक शब्द बोलली नव्हती, आणि बोल असं मी तिला सांगितलं नाही. ते सांगणारी मी कोण? आत्यानंही कुणाला मध्ये घातलं नाही. संध्याकाळी रिकामा डबा उचलून ती निघून जायची.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी यंत्रानं ईश्वरीचा नमुना नाकारला. पडद्यावर लाल अक्षरांत आलं: रुग्ण मुलगी, रक्त मुलाचं, नमुना बदललेला दिसतो. असा लाल शेरा इतका गोड कधी वाटला नव्हता. पांढऱ्या पेशी वर येत होत्या आणि त्यांतली एकूण एक थोरल्याची होती. निकाल घरच्यांना डॉक्टरांनी सांगायचा असतो, पण मुजावरबाई माझ्या तोंडाकडं बघून म्हणाल्या, "जा, तुम्हीच सांगा."

मी बोळात गेले. धैर्यशील नुकताच कामावर निघून गेला होता. अक्षता काचेपाशी होती.

"रुजल्या," मी म्हणाले. "तिच्या अंगात आता भावाचं रक्त तयार होतंय."

तिनं भिंतीला टेकून डोळे मिटले. ओठ हलले, पण काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. मग तिनं तोंडावरून पदर फिरवला आणि बोळाच्या टोकाकडं चालायला लागली. आत्या तिला येताना बघून उठून उभी राहिली. मीही चार पावलं मागोमाग गेले. लाज वाटली, पण गेले.

"पोरगी वाचली," अक्षता म्हणाली.

आत्यानं हात जोडले, कुणाला ते कळलं नाही.

"आत्या, तो कसा होता?"

आत्या तिच्या तोंडाकडं बघत राहिली.

"मी त्याला एकदाच बघितलाय, तापात. ह्यांनी तर बघितलाच नाही. त्याला चार दिवस बघितलेलं माणूस तुमच्याशिवाय जगात कुणी नाही. म्हणून विचारते. माफ केलं म्हणून नाही."

आत्या बाकावर बसली. तिनं हात कानापाशी नेला.

"जावळ लई हुतं," ती म्हणाली. "कानावर आलं हुतं पार. काळंभोर."

"अजून?"

"भूक लागली की डावी मूठ चोखायचा. उजवी न्हाई. डावीच."

अक्षता तिच्या शेजारी बसली, मधे हातभर जागा सोडून.

"पुढं सांगा," ती म्हणाली.